भिवपांढरीचे एकतीस दात

अकराशे चौदावा दात यंत्रातून बाहेर आला आणि सुचेता रणखांबेने चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुपारचे बारा वाजले होते. पत्र्याच्या शेडमधला पंखा गरम वारा नुसता इकडून तिकडे ढकलत होता. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाने निवृत्तीच्या गोष्टी कराव्यात, साडेतीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांच्या दाढा तपासत बसू नये, असं तिला हल्ली रोज वाटे. तरी रोज सकाळी सातला ती शेडचं कुलूप काढीच.

शेडच्या मागे भिवपांढरीचं टेकाड होतं. जुन्या वस्तीची राख आणि माती मुरून जमीन पांढुरकी होते, तिला पांढरी म्हणतात. आसपासचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ही माती खत म्हणून गाड्या भरून नेत आले होते. त्याच मातीखाली दहा वर्षांपूर्वी एक नगर सापडलं. तट होता, धान्याची कोठारं होती, एका मोठ्या घराभोवती दाटीवाटीने बांधलेली शेकडो लहान घरं होती. खारकी नदीच्या खोऱ्यातल्या चाळीसेक वाड्यांवरची माणसं एका जागी आली, त्यांनी एक राज्य उभं केलं, ते तीनशे वर्षं नांदलं आणि मग दहा-पंधरा वर्षांत ओस पडलं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी पूर म्हणे, कुणी दुष्काळ, कुणी परचक्र.

शेडच्या पुढच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, नवसंगम होतं. हे जिवंत नगर. दोन हजार एकोणचाळीस सालच्या दुष्काळात खोऱ्यातल्या एकेचाळीस गावांच्या विहिरी आटल्या, तेव्हा सरकारने त्या सगळ्यांना उचलून इथे आणलं. सात-सात मजल्यांच्या इमारती, सामायिक स्वयंपाकघरं, पाणी शुद्ध करणारं केंद्र. साठ हजार माणसं. आणि या साठ हजारांचा कारभारी होता सुचेताचा धाकटा भाऊ जयवंत.

त्या दुपारी तोच शेडमध्ये आला.

"अक्का, जेवलीस?"

"तू जेवलास?"

दोघेही जेवले नव्हते. जयवंत लाकडी खोक्यावर बसला. कारभाराच्या आठ वर्षांत त्याचे केस सगळे पांढरे झाले होते आणि बसताना तो गुडघ्यावर हात टेकवून बसायला लागला होता.

"गेल्या महिन्यात चारशे माणसं गेली," तो म्हणाला. "तीन वर्षं पाऊस बरा झाला, तर सगळ्यांना आपापली गावं आठवायला लागली. मी त्यांना दोष देत नाही. पण पाण्याचं केंद्र चालवायला माणसं लागतात, दवाखान्याला, शाळेला लागतात. चाळीस हजारांच्या खाली गेलो की सरकार हात काढून घेणार. मग जे राहिले त्यांचं काय? आणि पुन्हा विहिरी आटल्या तर जे गेले त्यांचं काय?"

"मग काय करणार आहेस?"

"वेशी बंद. जायचं त्याने जा, पण खोली गेली, शिधापत्रिका गेली, परत येणं नाही. असं म्हटलं की कुणी जाणार नाही. पंधरा तारखेला समितीची बैठक आहे." तो थांबला. "मला एवढंच सांग, तुझं हे नगर का पडलं? लोक सोडून गेले म्हणूनच ना?"

"लोक सोडून जाणं म्हणजेच नगर पडणं, जया. का गेले, ते अजून बघतेय."

"बघ. आणि मला लिहून दे. तुझ्या सहीने. इथली माणसं माझं ऐकत नाहीत, पण तुझं ऐकतील. तुझं यंत्र खोटं बोलत नाही असं त्यांना वाटतं."

ते यंत्र पिठाच्या गिरणीएवढं होतं आणि चालू झालं की तसंच घुमायचं, म्हणून उत्खननावरच्या बायका त्याला चक्की म्हणत. त्याची करामत ज्यावर उभी होती, ती गोष्ट मात्र साधी होती. आपलं हाड आयुष्यभर झिजतं आणि नव्याने भरतं. दात तसा नाही. लहानपणी दाताचं कवच रोज एक थर असं चढत जातं, गवंडी रोज एक ओळ रचतो तसं. एकदा चढलेला थर पुन्हा कधी बदलत नाही. त्या दिवशी मूल जे पाणी प्यालं, त्या पाण्यातल्या खडकाची खूण त्या थरात राहते. आईचं दूध कधी सुटलं, ते बेरियम नावाच्या धातूच्या चढउतारावरून कळतं. मूल उपाशी राहिलं किंवा आजारी पडलं, तर त्या दिवसांचा थर काळपट आणि जाड होतो. अभ्यासक त्याला भुकेची रेघ म्हणतात. उन्हाळ्यात आटत चाललेलं पाणी पावसाळ्यातल्या पाण्यापेक्षा किंचित जड असतं, त्यामुळे ती रेघ कुठल्या महिन्यात उमटली तेही सांगता येतं. पूर्वी एक दात वाचायला वर्ष लागे आणि दात कापावा लागे. चक्की दाताला धक्का न लावता वीस मिनिटांत भुकेच्या रेघा दाखवी. पाण्याची खूण वाचायला मात्र आणखी दोन तास लागत.

पुढच्या आठ दिवसांत सुचेताने भिवपांढरीची तीनशे वर्षं एका ओळीत लावली.

पहिली दोनशे वर्षं त्या नगरातलं जवळपास प्रत्येक माणूस दोन पाण्यांवर वाढलं होतं. काही महिने खारकीचं पाणी, काही महिने वरच्या डोंगरातल्या झऱ्यांचं. पीक चांगलं आलं की माणसं नगरात येत, कोठारं भरत, सण करत, लग्नं जुळवत. पाऊस फसला की आपापल्या वाड्यांवर पांगत, कंदमुळांवर आणि शेरडांवर दिवस काढत. पुन्हा पाऊस झाला की परत येत. नगर श्वास घेतल्यासारखं भरत होतं आणि रिकामं होत होतं. रिकामं झालं म्हणून ते पडलं नव्हतं.

मग कुणीतरी तट बांधला. तटाच्या पायाखालच्या कोळशावरून त्याचं साल पक्कं निघत होतं. तट शत्रूसाठी असावा असं सगळे समजत होते. पण त्या सालानंतर जन्मलेल्या एकाही माणसाच्या दातात दुसरं पाणी नव्हतं. तीन पिढ्या फक्त खारकी. आणि रेघा. आधी एखाददुसरी, मग प्रत्येक उन्हाळ्याला एक. मुलं खुजी होत गेली. शेवटी माणसांनी तटालाच भगदाड पाडलं असावं, कारण एका जागी दगड आतून बाहेर ढकललेले होते. जी गेली, ती परत आली नाहीत.

जयवंतला हवं होतं त्याच्या नेमकं उलट निघालं होतं. सुचेताला मनातून बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडणार, असं वाटलं.

शेवटचा ट्रे उरला होता. त्यात एकतीस दात होते, डोंगरातल्या वाड्यांवर सापडलेले. नगर फुटल्यावरच्या पहिल्या दहा वर्षांत जन्मलेल्या माणसांचे. तिने ते सहज म्हणून चक्कीत घातले.

एकतीसपैकी बावीस दातांवर जाड काळी रेघ होती. वयाचं दुसरं वर्ष, वैशाख-ज्येष्ठ. त्या बावीसपैकी चौदा मुलं पाच वर्षांची होण्याआधीच गेली होती. त्यांचे दात घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या मडक्यांतून निघाले होते, कारण तेव्हाची माणसं आपली मेलेली लेकरं घरातच ठेवत.

आधीच तपासलेल्या नातवंडांच्या पिढीत सगळं सुधारलं होतं. ती उंच होती, धडधाकट होती. पण पहिल्या दहा वर्षांनी ही किंमत घेतली होती.

सुचेताने ट्रे झाकला. जया हे पान वाचील आणि त्याला दुसरं काही दिसणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. एकोणचाळीस साली टँकरच्या रांगेत त्याच्या हातावर एक मूल गेलं होतं. तो 'चौदा मुलं' एवढेच शब्द वाचील आणि त्याच संध्याकाळी वेशी बंद करील. मग भिवपांढरीच्या तटाचं जे झालं तेच इथे होईल. उरलेल्या नऊ स्वच्छ दातांचं पाणी वाचायचं राहिलं होतं. तिने ते वाचलं नाही. ट्रे कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेला.

दुसऱ्या दिवशी केशरबाई माती चाळता चाळता म्हणाली, "बाई, आमी जायचं म्हंतो."

केशरबाई सहा वर्षं तिच्याकडे चाळणीवर होती. खड्यातून दात वेचून काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मूळची बोरखडीची. नवसंगममध्ये पाचव्या मजल्यावर मुलगा बालाजी, सून वैष्णवी आणि सात महिन्यांची नात ईश्वरी, अशी राहायची.

"कधी?"

"बालाजी म्हंतो, पाऊस हाय तवर. हीर उपसून घिऊ, चार पत्रे टाकू. मला तर पाचव्या मजल्यावर झोपच येत न्हाई, बाई. खाली जमीन हाय का न्हाई तेच कळत न्हाई." ती हसली, मग चाळणी हलवायची थांबली. "त्या भिवपांढरीवाल्यांचं निघालं का काही? आमच्यासारखे जे निघून गेले त्यांचं काय झालं?"

सुचेताने तिच्याकडे पाहिलं. नंतर पुष्कळ दिवस तिला तो क्षण आठवत राहिला. केशरबाईच्या भुवयांवर पांढरी धूळ बसली होती आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"जगले," सुचेता म्हणाली. "त्यांची नातवंडं नगरातल्या माणसांपेक्षा चार बोटं उंच झाली."

"बघा!" केशरबाई म्हणाली आणि पुन्हा चाळायला लागली.

पंधरा तारखेच्या बैठकीत सुचेताने अहवाल वाचला. बावीस पानांचा. तेविसावं पान त्यात नव्हतं. समितीत कुणीतरी टाळी वाजवली. जयवंत शेवटपर्यंत खाली बघत राहिला. मग त्याने एकच विचारलं.

"गेलेल्यांचं पुढे बरं झालं?"

"पुढच्या पिढ्यांचं फार बरं झालं," ती म्हणाली.

वेशी उघड्या राहिल्या. जाणाऱ्याची खोली दोन वर्षं राखून ठेवायची, परत आला तर घ्यायचा, असंही ठरलं. जयवंत दारातून बाहेर पडताना बहिणीला म्हणाला, "तू म्हणतेस म्हणून, अक्का. मला अजून भीती वाटते."

पुढच्या सहा महिन्यांत अकरा हजार माणसं गेली. सकाळी सकाळी ट्रॅक्टर निघत, त्यांवर गाद्या, सौरपट्ट्या, शेळ्या, म्हाताऱ्या. जाणारे हसत हात हलवत. केशरबाई गेली तेव्हा ईश्वरीने ट्रॅक्टरमधून सुचेताच्या चष्म्याला हात घातला होता आणि तो सोडवून घेताना तिघीचौघी हसल्या होत्या.

जयवंतची नोकरी मात्र अवघड होत गेली. वरून पत्रं येऊ लागली. पाण्याच्या केंद्रावर माणसं कमी पडली तेव्हा तो स्वतः पंपावर उभा राहिला. बहीणभावाचं बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं, दोघांनाही बोलण्याइतकं त्राण नसे.

मे महिन्याच्या शेवटी वाड्यांवरून बातम्या यायला लागल्या. मुलं आजारी पडतायत. नक्की काय ते कुणी सांगेना. सुचेताने दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काढली आणि बोरखडीला गेली.

गाव तसं बसलेलं दिसत होतं. विहिरीतला गाळ काढून काठावर टाकलेला, नांगरलेल्या जमिनीत पावसाची वाट बघणारी तासं. केशरबाईच्या घरावर नवे पत्रे होते. ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. आत बाजेवर वैष्णवी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ईशू कुठाय?" सुचेताने विचारलं. विचारतानाच तिला कळलं.

"गेली," केशरबाई म्हणाली. "नऊ दिस झाले."

मग तिने सगळं सांगितलं. आवाज न चढवता, हातातलं सूप न थांबवता. वैष्णवी दिवसभर विहिरीच्या गाळात उतरायची. चैत्रात तिचं दूध आटलं. शेळ्यांना चारा नव्हता, त्यांचंही गेलं. पोरीला भाकरी कुस्करून पाण्यात देत होते. मग जुलाब लागले. बालाजीने दवाखान्याला फोन केला, पण ओढ्याजवळ रस्ता खचलेला, गाडी तिसऱ्या दिवशी पोचली.

"सतरा महिन्यांची व्हती," केशरबाई म्हणाली.

वयाचं दुसरं वर्ष. वैशाख-ज्येष्ठ. सुचेता ओट्याच्या कडेला बसली. न सांगता परत जाता आलं असतं. केशरबाईला कधी कळलंही नसतं.

"केशरबाई, मला हे माहीत होतं."

"काय?"

"जे गेले त्यांची पहिल्या दहा वर्षांतली लेकरं. जवळपास निम्मी गेली. दुसऱ्या वर्षाला, याच महिन्यांत. दातांवर होतं सगळं. मी अहवालातून ते काढून टाकलं."

सूप थांबलं.

"कव्हापासून ठाव व्हतं?"

"तुम्ही मला विचारलंत ना, त्याच्या आदल्या दिवसापासून."

केशरबाईने तिच्याकडे पाहिलं. ओरडली नाही. सुचेताला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मंग कामून न्हाई सांगितलं?"

"जयवंतने वेशी बंद केल्या असत्या. तुम्हाला जाता आलं नसतं."

"आमी गेलोच असतो, बाई," केशरबाई हळू म्हणाली. "भिंतीवरून उड्या टाकून गेलो असतो. पण पोरीला तुमच्यापाशी ठिवून गेलो असतो."

ती उठली, सूप घेऊन आत गेली आणि परत बाहेर आली नाही. सुचेता ऊन डोक्यावर येईपर्यंत ओट्यावर बसून होती. मग जीपकडे गेली.

परत आल्यावर तिने कपाटाचा खालचा कप्पा उघडला. आता काही उपयोग नव्हता, पण दुसरं काय करावं तेही सुचत नव्हतं. न वाचलेले नऊ स्वच्छ दात तिने एकामागून एक चक्कीत घातले. एकाला दोन तास, नवांना दोन दिवस.

ते नऊही दात वाड्यांवर सापडलेल्या मोठ्या माणसांचे होते. पण नवांपैकी आठांच्या दातांत आईचं दूध सुटल्यापासून वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नव्हतंच. खारकीचं होतं. म्हणजे ती मुलं नगर फुटल्यावरही नगरातच वाढली होती.

पण नगर तर ओस पडलं होतं. अगदी ओस नव्हतं. सर्वांत वरच्या थरात तटाला टेकून बांधलेल्या वीस-पंचवीस झोपड्या सापडल्या होत्या. कुडाच्या, दरिद्री. मागच्या अभ्यासकांनी त्यांना उपऱ्यांची वस्ती म्हणून सोडून दिलं होतं. सुचेताने त्या झोपड्यांतल्या वस्तूंची यादी पुन्हा काढली. म्हाताऱ्या माणसांची हाडं, बहुतेक बायकांची. कोंबड्यांची, गाईंची हाडं. आणि चाळीसच्या वर चिमुकली, चोच असलेली मातीची भांडी, मुलाच्या ओठाला लावता येतील अशी.

ज्यांना डोंगर चढवत नव्हता त्या म्हाताऱ्या मागे राहिल्या होत्या. नदीकाठी चारा होता, गाई होत्या. शहाण्या आयांनी आपली दूध सुटलेली लेकरं त्यांच्यापाशी ठेवली होती आणि चार वर्षांची झाली की नेली होती. सगळ्यांनी नाही, काहींनी. ज्यांनी ठेवली त्यांची जगली. राज्य बुडालं होतं, राजा कुठे गेला कुणास ठाऊक, पण त्या पडक्या तटाच्या सावलीत म्हाताऱ्या बायका पोरांना गाईचं दूध पाजत बसल्या होत्या.

हे सगळं त्या एका ट्रेमध्ये होतं. भावाने काय वाचू नये याची काळजी करता करता तिने स्वतःही ते वाचलं नव्हतं.

तिने पूर्ण अहवाल लिहिला. तेविसावं पान, चोविसावं पान, आणि पंचविसाव्यावर आपण काय लपवलं ते. एक प्रत विद्यापीठाला पाठवली, दुसरी घेऊन जयवंतच्या कचेरीत गेली.

त्याने उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून बसला.

"किती गेली?" त्याने विचारलं.

"आतापर्यंत कळली ती सव्वीस."

"सव्वीस." त्याने पान खाली ठेवलं. "मी तुला विचारलं होतं, अक्का. सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"हो."

"तू मला ओळखतेस असं तुला वाटलं. मी काय करीन ते तूच ठरवून टाकलंस."

"तू वेशी बंद केल्या नसत्यास?"

त्याने बाहेर पाहिलं. खिडकीतून समोरची सातवी इमारत दिसत होती, निम्म्याहून अधिक रिकामी, वाळत घातलेले कपडे फक्त दोन मजल्यांवर.

"केल्या असत्या," तो शेवटी म्हणाला. "पहिल्यांदा केल्याच असत्या. मग कदाचित तू भांडली असतीस. कदाचित त्या केशरबाई येऊन भांडल्या असत्या. काहीतरी निघालं असतं त्यातून. तू ते भांडणच होऊ दिलं नाहीस." त्याने डोळ्यांवर हात दाबले. "मी थकलोय गं. तुझ्यावर रागवायलाही जोर लागतो."

विद्यापीठाने चौकशी केली आणि सुचेताचं काम काढून घेतलं. चक्की ट्रकवर चढवून दुसऱ्या कुठल्याशा उत्खननावर नेली. तिने विरोध केला नाही. ती वाडीवाडीवर जाऊन ती दोन पानं वाचून दाखवू लागली. शाळेच्या पडवीत, देवळापुढे, जिथे माणसं बसतील तिथे. काहींनी ऐकलं. काहींनी तिला तोंडावर सांगितलं, तुमचं एकदा ऐकलं तेवढं पुष्कळ झालं. एका बाईने तिच्या अंगावर शेणाचा गोळा फेकला. सुचेताने ओढ्यावर साडी धुतली आणि पुढच्या वाडीला गेली. बोरखडीला मात्र ती गेली नाही, तिचं तिकडे पाऊल वळेना.

जयवंतने वरच्यांना न विचारता सातव्या इमारतीचे खालचे दोन मजले मोकळे केले. डोंगर चढू न शकणाऱ्या, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या नवसंगममध्येही होत्याच. पाण्याच्या केंद्रामागे गवत होतं, तिथे गाई बांधल्या. दिवाळीपर्यंत तीन मुलं आली. माघ संपताना चौदा झाली. फार नव्हती. चाळीस वाड्यांतल्या बहुतेक आयांना आपलं लेकरू दुसऱ्याच्या हाती सोडवत नव्हतं, आणि त्यांचंही चुकत होतं असं सुचेताला म्हणवत नव्हतं.

फाल्गुनात एका दुपारी बोरखडीची बस आली आणि तिच्यातून केशरबाई उतरली. एका कडेवर एक पोर, दुसऱ्या हाताला एक. दोन्ही शेजारच्यांची. सुचेता पायऱ्या उतरून खाली गेली. दोघींनी नऊ महिन्यांनी एकमेकींना पाहिलं.

"ही कावेरी. चौदा महिन्यांची," केशरबाई म्हणाली. "हिला गूळ चालत न्हाई, पोट बिघडतं. झोपताना कान धरून झोपती, कुणाचाबी. आन हा तिचा चुलतभाऊ, याला भात लागतो. रडला तर रडू द्या, आपोआप थांबतो."

"लिहून घेते."

"ध्यानात ठिवा. लिहिलेलं हरवतं."

सुचेताने मान हलवली. "चहा टाकते."

"नको."

"वैष्णवी कशी आहे?"

"शेतात जाती," केशरबाई म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "म्या तिच्यासाठी न्हाई आले, आन तुमच्यासाठी बी न्हाई. या पोरांच्या आया इचारत व्हत्या, कुणी नेऊन सोडील का. म्हणून आले."

ती त्याच बसने परत गेली. बस वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत कावेरी गप्प होती, मग तिने टाहो फोडला. सुचेताने तिला उचलून कडेवर घेतलं आणि व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागली. कमरेतून कळ निघत होती. पलीकडे जयवंत बाह्या सरसावून दुसऱ्याला भात भरवत होता आणि निम्मा भात त्याच्या शर्टावर सांडत होता. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदाच बहिणीकडे पाहून भुवया उडवल्या. तेवढंच.

पोर रस्त्याकडे बोट दाखवून रडत होती. "आई," तिला एवढंच म्हणता येत होतं.

येईल हं, उद्या येईल, असं शेजारच्या म्हाताऱ्या सगळ्याच मुलांना सांगत. सुचेताच्या तोंडावरही ते आलं होतं.

"लवकर नाही यायची ती," ती कावेरीला म्हणाली. "मधे मधे भेटायला येईल, आणि दर वेळी तुला सोडून जाईल. तीन वर्षं लागतील. फार आहेत, मला माहीत आहे."

चौदा महिन्यांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? ती आणखी थोडं रडली, मग तिने सुचेताचा कान मुठीत घट्ट धरला आणि डोकं खांद्यावर टाकलं. मूठ सैल झाल्यावरही सुचेता तशीच चालत राहिली.